मेहुण्याच्या नावावर शेतजमीन घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न: पुण्यात नोकरी करतो, शेतकरी दाखला नाही. मुळशीत एक एकर शेती 35 लाखांना मिळतेय. पैसे माझ्या एफडीचे, खरेदीखत शेतकरी मेहुण्याच्या नावावर आणि ‘जमीन खरी माझी’ असं 500 च्या स्टँपपेपरवर लिहून घ्यायचं. चालेल का?

नाही.

मेहुणा सज्जन असेलच, तो मुद्दाच नाही. ज्या स्टँपपेपरवर तुम्ही विसंबून आहात, तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरेल. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं, फायदा पैसे देणाऱ्याचा: 1988 च्या कायद्यानं हा बेनामी व्यवहार होतो. त्याचं कलम 4 सांगतं की पैसे देणाऱ्याला ‘ही मालमत्ता माझी’ असा दावाच लावता येणार नाही. उद्या मेहुणा वारला, सातबाऱ्यावर त्याच्या मुलांची नावं लागली, किंवा त्याच्या थकलेल्या कर्जापायी जमिनीवर जप्ती आली, तर कोर्टात काय सांगाल? कुळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेती घेऊ देत नाही, ते चुकवायला मी हे केलं? ज्याच्या तक्रारीचा पायाच बेकायदा, त्याला कोर्ट मदत करत नाही. मग समोरच्यानं खरोखर फसवलेलं का असेना. ‘नंतर बक्षीसपत्र करून घेऊ’ हेही जमत नाही, बेनामी मालमत्ता खऱ्या मालकाच्या नावे परत करायला 1988 च्याच कायद्याच्या कलम 6 ची बंदी आहे.

उघडकीस आलं तर जमीन सरकारजमा. वर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड, तोही दोघांना. मेहुण्याला हे सांगितलंय का?

नात्यातल्या व्यवहारांना सूट आहे, पण ती जोडीदार आणि मुलांसाठी. भावंडांसाठी कागदावर तुमचंही नाव लागतं. मेहुणा कुठेच बसत नाही. पत्नी मात्र बसते. मेहुणा शेतकरी, म्हणजे तिच्या माहेरी शेती असणार. तिचं नाव वारसाहक्कानं सातबाऱ्यावर लागलंय का, ते आधी पाहा. लागलं असेल आणि ती शेतकरी ठरत असल्याचं वकिलानं तपासून दिलं, तर तुमच्या पांढऱ्या पैशातून तिच्या नावावर उघड खरेदी होऊ शकते. फक्त जमीन मग तिची, हे मनापासून मान्य हवं.

नसेल तर एनए (बिगरशेती) प्लॉट बघा. तोवर एफडी मोडू नका आणि इसारही देऊ नका.