एक सेमिस्टर की दोन? जरा लांबलेलं उत्तर

तुझा प्रश्न तीनदा वाचला. तिसऱ्या वर्षाला आहेस, परदेशी विद्यापीठातल्या एक्स्चेंजसाठी तुझ्या विद्यापीठाने नाव पाठवलंय. एक सेमिस्टर घ्यावं की पूर्ण वर्ष? परत आल्यावर क्रेडिट धरतात का? पुढे तिकडेच राहायचाही विचार आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: एकटं वाटतं का? माझ्याहून बरीच लहान आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

व्हिसा, इन्शुरन्स, फी आपल्याच विद्यापीठात भरायची आणि तिकडची माफ, हे सगळं माहितीपत्रकात असतं. ते सोडून देते. मला बोलायचंय ते लर्निंग अ‍ॅग्रीमेंटबद्दल, कारण माहितीपत्रकात ते एका ओळीत उरकलेलं असतं आणि माझं त्यात अख्खं वर्ष नासलं.

त्या कागदावर तिघांच्या सह्या लागतात: तुझी, तुझ्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची. तिकडे कुठले कोर्स करणार आणि त्याबदल्यात इथले कुठले विषय माफ होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. निघायच्या आधी तिन्ही सह्या झाल्या की वाटतं, गंगेत घोडं न्हालं. मग तिथे पोचल्यावर कळतं की एक कोर्स या सेमिस्टरला चालूच नाही आणि दुसऱ्याची वेळ तिसऱ्यावर येते. हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बदलासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना असतो आणि त्यावर पुन्हा त्याच तिघांच्या सह्या लागतात.

मी माझी केली, तिथल्या बाईंची घेतली. इथल्या कोऑर्डिनेटर सरांना मेल केला. उत्तर आलं, 'चालेल, या परत, मग बघू.' त्या 'बघू'वर मी पाच महिने निर्धास्त राहिले. परत आले तर सर बदललेले. नव्या सरांनी फाइल उघडली, जुना फॉर्म काढला आणि म्हणाले, यात तर वेगळाच विषय आहे. मी मेल दाखवला. ते म्हणाले, मेलवर शिक्का कुठे असतो? जो विषय मी तिकडे याहून कठीण पातळीवर करून आले होते, त्याचाच पेपर मला पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांबरोबर बसून द्यावा लागला. परीक्षेचं काही वाटलं नाही. ते जे पुढे म्हणाले ना, 'फिरून आलात ना छान, मग आता थोडा अभ्यास करा', ते अजून डोक्यात आहे. इतक्या वर्षांनी आंघोळ करताना मी त्यांना उत्तरं देत असते.

मार्कांचंही तेच. मी फ्रान्समध्ये होते. तिथे २० पैकी मार्क, १० ला पास. १४ म्हणजे चांगलं काम. १७-१८ फार थोड्यांना पडतात. माझे १४ ऑफिसात कॅल्क्युलेटरवर घातले आणि ७० टक्के झाले. ब्रिटनमध्ये ७० ला फर्स्ट क्लास मिळतो. जर्मनीत १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे कसंबसं पास. कॅल्क्युलेटरला यातलं काय कळणार? म्हणून ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे तिथल्या गुणपत्रिकेबरोबर, मार्कांची विभागणी दाखवणारा तक्ता मागून घे. वर्गात कुठले मार्क किती टक्के मुलांना पडले, ते त्यात असतं. युरोपातल्या विद्यापीठांकडे तो बहुधा तयार असतो, पण न मागता कुणी देईलच असं नाही. तिथले क्रेडिटही नीट समजून घे. वर्षाला ६०, म्हणजे सेमिस्टरला ३०, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात. घरी बसून केलेला अभ्यासही त्यात आला. इथले लोक फक्त लेक्चरचे तास मोजतात आणि मग म्हणतात, कोर्स छोटा आहे.

सोफिया कोराडी नावाच्या एक इटालियन बाई होत्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या आणि १९५८ मध्ये रोमला परतल्या, तर त्यांच्या विद्यापीठाने तिथला अभ्यास मोजायलाच नकार दिला, वर अपमान केला तो वेगळा. बाई गप्प बसल्या नाहीत, वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिल्या. पुढे १९८७ मध्ये इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थ्यांच्या एक्स्चेंजची योजना सुरू झाली, तिच्या मुळाशी विद्यापीठाच्या ऑफिसातली ही गोष्ट आहे. मला हे कळलं तेव्हा हसू आलं आणि जरा लाजही वाटली. मी फक्त आंघोळीत भांडते.

एकटं वाटतं का? वाटतं. पहिले दोन-तीन आठवडे, विशेषतः रविवारी. मग ओळखी होतात, तुझ्याही होतील. ते सोड.

खरं एकटेपण मला नंतर कळलं, आणि तेच तुला सांगावं म्हणून एवढं लिहितेय. त्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर सगळे एक्स्चेंजचेच होते. माझ्या खोलीत एक टेबललॅम्प होता, आधीच्या मुलीने जाताना ठेवलेला. त्याच्या बुडाला मार्करने नावं लिहिलेली: नाव, देश, सेमिस्टर. सहावं नाव मी घातलं आणि नंतर येणाऱ्या मुलीला तो देऊन आले. सगळंच त्या लॅम्पसारखं होतं. प्रत्येकाची जायची तारीख ठरलेली, त्यामुळे चौथ्या दिवशीच लोक आपल्या आईवडिलांच्या भांडणांबद्दल बोलायला लागायचे. हातात वेळच कमी, मग आडपडदा कशाला ठेवायचा?

दोन वर्षांनी मी त्याच शहरात कायमची आले. तीच ट्राम, तीच लायब्ररी. घरी सगळ्यांना सांगितलं होतं, तो देश मला मानवतो. पण तिथे कायम राहणाऱ्या माणसांना कुठेच जायचं नसतं. त्यांची मैत्री शाळेपासूनची, ओळख व्हायलाच वर्ष जातं. पहिला हिवाळा मी ते जुने पाच महिने शोधण्यात घालवला. मला देश आवडला नव्हता, मुदत आवडली होती. हे आईला अजून सांगितलेलं नाही. नोकरी आहे, घर आहे, आता सांगून तरी काय?

म्हणून, नुसता अनुभव हवा असेल तर एक सेमिस्टर पुरे, मजेत जा. पण पुढे तिकडे राहायचं मनात असेल तर दोन घे. पहिलं सेमिस्टर संपलं की तुझ्याबरोबरचे निम्मे लोक बॅगा भरून जातात, कॉरिडॉर रिकामा होतो, आणि तू मागे राहतेस. तो महिना नीट बघ. मी तो बघितलाच नव्हता, कारण जाणाऱ्यांत मीच होते.

आणि निघायच्या आधी, आजच, प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेव, कोर्स कोडसकट. वर्ष बदललं की वेबसाइटवरची ती पानं बदलतात, मग काय शिकून आलीस ते दाखवायला हातात काही राहत नाही. अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा झाला की मला पाठव, बदलाचा रकाना कसा भरायचा ते मी सांगते. आणि कुणी 'बघू' म्हणालं, तर त्याच दिवशी सही माग.