इंग्लंडमध्ये स्पेशल एज्युकेटर म्हणून यायचंय, तर आधी टीए (टीचिंग असिस्टंट) व्हायची तयारी ठेव

तू विचारलंयस की बी.एड. स्पेशल झालंय, साताऱ्यात बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत सहा वर्षं शिकवलंयस, नवऱ्याचा वर्क व्हिसा आलाय आणि तू डिपेंडंट म्हणून जूनमध्ये येतेयस, तर इथल्या इन्क्लुझिव्ह (सगळी मुलं एकत्र शिकतात अशा) शाळेत काम मिळेल का आणि टीए म्हणून, म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस म्हणून, लागले तर आतापर्यंतचं सगळं वाया गेलं असं होईल का. अगं मी सांगलीची, अशाच शाळेतून आले (तेव्हा पाटीवर 'मतिमंद' हाच शब्द होता), आता नऊ वर्षं रेडिंगजवळ एका प्रायमरीत आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी कागद. इथे शिक्षकाला क्यूटीएस (क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत मान्यता) लागतं. फेब्रुवारी 2023 पासून भारतातल्या शिक्षकांना थेट अर्ज करता येतो, पण तो फक्त गणित, सायन्स किंवा भाषा, तेही 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी. आपण त्यात बसत नाही. बाहेर शिक्षक म्हणून क्वालिफाय झालेल्यांना क्यूटीएसशिवाय 4 वर्षं शिकवता येतं असा नियम आहे, पण नवीन माणसाला शाळा सहसा वर्ग देत नाही, आणि खरं सांगायचं तर इथली सिस्टिम कळेपर्यंत देऊही नये. टीएच्या नोकरीवर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही, पण तुला डिपेंडंट असल्यामुळे ती अडचण नाही, हे तुझं नशीब समज. पगार कमी असतो, आणि बहुतेक ठिकाणी शाळा चालू असते तेवढ्याच आठवड्यांचा, तोच बारा महिन्यांत वाटून देतात, त्यामुळे जाहिरातीतला वर्षाचा आकडा बघून घरभाड्याचा हिशोब करू नकोस, हातात किती येणार ते स्पष्ट विचार.

मग शब्द. मी पहिल्याच इंटरव्ह्यूत इथेच अडकले. आपल्याकडे 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एसएलडी (स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी) म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, बुद्धी नॉर्मल पण वाचन-लेखन अडतं ती मुलं. इथल्या शाळेत एसएलडी म्हणजे सिव्हिअर लर्निंग डिफिकल्टीज, म्हणजे आपली तीव्र बौद्धिक अक्षमतेची मुलं! त्यांनी एका गटाबद्दल विचारलं, मी भलत्याच गटाबद्दल दहा मिनिटं बोलले आणि ते लोक नम्रपणे ऐकत राहिले. डिस्लेक्सियाला इथे स्पेसिफिक लर्निंग डिफिकल्टी म्हणतात, तेवढं पाठच करून ये.

आपल्याकडे सर्टिफिकेटवर टक्के असतात, 40 च्या वर की खाली यावर सवलती ठरतात. इथे टक्के नाहीत. मुलाच्या गरजा जास्त असतील तर ईएचसीपी (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन) नावाचा प्लॅन होतो, 2014 च्या कायद्यातला, 25 वर्षांपर्यंत चालू शकतो, अर्जापासून 20 आठवड्यांत व्हायला हवा (खूपदा होत नाही, आईबाप रडकुंडीला येतात). त्यातला सेक्शन एफ नीट वाचायची सवय लाव. कोणती मदत, किती तास, कोण करणार हे तिथे लिहिलेलं असतं आणि ते देणं कायद्याने बंधनकारक आहे. शाळेत हे सगळं बघणारी व्यक्ती म्हणजे सेंको, तुझी खरी साहेब तीच.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मला पहिल्या वर्षी डाऊन सिंड्रोमचा सहा वर्षांचा एक मुलगा दिला, दिवसभर त्याच्या शेजारी बसायचं. मी जीव ओतला. पेन्सिल धरून द्यायची, चिकटवायचा कागद आधीच कापून ठेवायचा, बाईंनी प्रश्न विचारला की त्याच्या कानात उत्तर सांगायचं, वही दर शुक्रवारी कशी भरलेली. दोन महिन्यांनी लक्षात आलं की वर्गशिक्षिका त्याच्याशी बोलतच नाहीत, माझ्याशी बोलतात, आणि मुलं त्याला खेळायला बोलवायच्या ऐवजी मला विचारतात की तो येईल का. मुलगा वर्गात होता आणि तरी वर्गात नव्हता, मधे मी भिंत होऊन बसले होते. नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं की 2009 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या मोठ्या अभ्यासात हेच निघालं होतं, ज्या मुलांना टीएची मदत सगळ्यात जास्त त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी, आणि दोष टीएचा नाही, त्यांना वापरायच्या पद्धतीचा.

मग मी आपलं जुनं काढलं. एफएसीपी (मुलाला काय येतं, काय नाही याची तपासयादी) भरायचो ना आपण, कामाचे तुकडे पाडून शेवटच्या तुकड्यापासून शिकवायचो, तेच. कोट घालायला शिकवताना बाकी सगळं मी केलं, चेन वर ओढायचं शेवटचं काम फक्त त्याचं, मग हळूहळू एकेक पायरी मागे. फेब्रुवारीत त्याने कोट स्वतः घातला आणि बाकी मुलांच्या लाइनीत मला न घेता मैदानावर गेला, मी दारातच उभी राहिले. टीए मागे सरकला तरच मूल पुढे येतं, आणि कधी मागे सरकायचं हे ज्याला कळतं त्याला शाळा सोडत नाही. ते तुला येतं गं, सहा वर्षं तू तेच केलंयस. म्हणून वाया जाईल हे मनातून काढ.

बाकी मकाटॉनच्या खुणा शिकायला घे, बोलण्यासोबत हाताच्या खुणा असतात, आणि चित्रांचं टाइमटेबल, 'आधी हे मग ते' चा बोर्ड हे तू करतच असशील. हेडबाईंचं लेटरहेडवरचं पत्र आण आणि त्यांचा शाळेचा ईमेल चालू आहे ना बघ, रेफरन्स थेट त्यांच्याकडे मागतात. आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) सर्टिफिकेट, मार्कशीट, पोलीस क्लिअरन्स हातातल्या बॅगेत ठेव.

इंटरव्ह्यूत एक नक्की विचार, हे मूल दिवसातला किती वेळ वर्गाबाहेर असतं. एका शाळेत मी बघितलंय, मूल कागदोपत्री वर्गात आणि प्रत्यक्षात कॉरिडॉरमधल्या टेबलावर टीएबरोबर एकटं. तिथे मी गेले नाही, तूही जाऊ नकोस.

सप्टेंबरच्या जागांच्या बऱ्याच जाहिराती मे-जूनमध्येच निघतात आणि जुलैच्या शेवटी शाळा सुटतात, त्यामुळे इथे येऊन मग बघू असं म्हणू नकोस, पोलीस क्लिअरन्सचा अर्ज याच आठवड्यात टाक.