‘मादोका माजिका’ संपवली. तशाच काळ्या वळणाची दुसरी कोणती मॅजिकल गर्ल अ‍ॅनिमे बघू?

आधी ‘युकी युना इज अ हीरो’ (२०१४) बघा. मादोकात (२०११) सगळी मेख जादुई शक्ती घेऊन लढणारी मुलगी, म्हणजे मॅजिकल गर्ल, होण्याच्या करारात आहे: इच्छा पुरी होते, पण आत्मा रत्नात जातो आणि ते रत्न शंभरेक मीटर लांब गेलं की शरीर निपचित पडतं. युकी युनात किंमत हप्त्याहप्त्याने वसूल होते. प्रत्येक ‘मानकाई’नंतर (लढताना शक्ती पूर्ण फुलवणारं रूपांतर) शरीराची एखादी क्षमता जाते. त्यातल्या इत्सुकी या मुलीचा आवाज जातो, तोही गायिका व्हायचं मनात घेतल्यावर. हे फार जिव्हारी लागतं. शेवट मात्र घाईघाईत गोड केलाय.

‘मॅजिकल गर्ल रेझिंग प्रोजेक्ट’ (२०१६) म्हणजे १६ जणींतून ८ उरवायचा जीवघेणा खेळ. एखादीची पूर्वकथा सुरू झाली की तिचं मरण जवळ आलं, हे लवकरच ओळखू येतं. ‘मॅजिकल गर्ल साइट’मध्ये (२०१८) शाळेतला छळ अंगावर येतो, टाळलीत तरी चालेल.