राबायला जाते आहे, तर कागदावरही तसंच लिहू द्या

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"मॅडम, माझी मोठी मुलगी बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बॉटनी-झूलॉजी घेऊन. तिनं पोर्तुगालमधल्या एका निसर्ग कॅम्पशी ईमेलवर बोलणं केलंय. डोंगरात तंबू आहेत, वीज सोलरची, निलगिरी काढून तिथली मूळची झाडं लावतात. 1 जून ते 31 ऑगस्ट राहायचं, आठवड्याला 25 तास काम, त्या बदल्यात तंबू आणि जेवण. पगार नाही. 'टुरिस्ट व्हिसावर ये, काही अडचण येत नाही,' असं त्यांनी कळवलंय. सगळं धरून एक लाख साठ हजार लागतील असा तिचा हिशोब. आमची वीटभट्टी आहे, पैसे उभे राहतील. पण हे म्हणतात, शिकूनसवरून परक्या मुलखात फुकट राबायला आणि संडास साफ करायला कशाला जायचं? कामांच्या यादीत ते खरंच लिहिलंय. लेक दोन दिवस धड जेवली नाही. काय करावं?"

ताई,

लेक आता जेवत असेल असं धरून लिहिते. नसेल तर हे पत्र तिला जेवायला बसवूनच वाचून दाखवा.

तुमच्या घरात कॅम्पवरून वाद आहे असं वरवर दिसतं. मला वाटतं अडलंय ते 'काम' या एका शब्दापाशी. तिचे वडील म्हणतात, हे काही काम नव्हे. कॅम्पवाले म्हणतात, हे काम नाही, मदत आहे, म्हणून टुरिस्ट व्हिसा चालतो. मला दोन्ही पटत नाही. आठवड्याला 25 तास घाम गाळायचा आणि त्याच्या बदल्यात जेवण आणि निवारा घ्यायचा, हे कामच आहे. ते काम आहे हे एकदा सगळ्यांनी मान्य केलं की कुठला व्हिसा, कुठला विमा, कुठला महिना, सगळ्याची उत्तरं सापडायला लागतात.

आधी संडासाचं बोलू, कारण वडिलांना खरं तेच टोचलंय.

अशा कॅम्पवर पाण्याचा संडास बहुधा नसतो. बसायच्या जागेखाली पिंप असतं आणि शेजारी लाकडाच्या भुशाची बादली. वापर झाला की पाणी ओतायचं नाही, ओंजळभर भुसा टाकायचा. भुसा ओल शोषतो, मधे हवा खेळती ठेवतो, आणि मैल्यातल्या नत्राला कुजायला जो कर्ब लागतो तो पुरवतो. लघवी वेगळी काढायची सोय असली तर वास जवळजवळ येतच नाही. पिंप भरलं की बाजूला सरकवून वर्षभर तरी मुरू द्यायचं. मग ते खत भाजीला न घालता झाडांच्या बुडाशी जातं. भुसा कमी पडला की माश्या होतात, जास्त पडला की कुजणं मंदावतं. हे रोज बघणाऱ्या माणसाला वासावरून कळतं. तुमच्या परड्यातला उकिरडा ज्यानं नीट लावलाय त्याला यातलं अर्धं आधीच येतं. पाणी कमी असलेल्या डोंगरावर पाहुणे ठेवायचे तर मैला आणि सांडपाणी झऱ्यात जाऊ न देणं हेच पहिलं शास्त्र. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, मलप्रभेचा उगम तिथेच आहे, म्हादईही याच तालुक्यातल्या देगावची. हे शास्त्र शिकलेलं माणूस आपल्याला कुठे लागेल ते वेगळं सांगायला नको.

आणि वडिलांना एक आठवण करून द्या. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं, तेव्हा सफाईचं काम स्वयंसेवकांनी उचललं होतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच अधिवेशनासाठी खणलेली. आपल्या गावातल्या स्वयंसेवकांच्या हातात तेव्हाही झाडू होता. जो माणूस स्वतः मातीत हात घालून विटा पाडतो त्याला हे पटायला वेळ लागणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आता व्हिसा. इथे मी लेकीच्या बाजूची नाही.

पोर्तुगाल शेंगेन गटातला, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी एक. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा फिरायला असतो, कामाला नसतो, आणि जेवण-निवाऱ्याच्या बदल्यातलं काम अनेक देश कामच धरतात. न्यूझीलंडमध्ये तर ते कामच समजलं जातं. इंग्लंडच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच आणि 30 दिवसांपर्यंतच. म्हणजे 'अडचण येत नाही' हे कॅम्पवाल्याचं मत झालं. अडचण त्याला येतच नाही, ती विमानतळाच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या पोरीला येते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक मुलगा असाच गेला होता. देश आणि कॅम्प सांगत नाही. उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, कशाला आलास? फिरायला, म्हणाला. हॉटेलचं बुकिंग दाखव म्हटल्यावर गडबडला. मोबाईल बघितला तर कॅम्पशी झालेलं बोलणं, रोज किती तास, कुठली कामं, सगळं त्यात. पुढच्या विमानानं परत पाठवलं. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, पण त्यानंतर ज्या ज्या फॉर्मवर 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का' असा प्रश्न असतो तिथे त्याला 'हो' लिहावं लागतं. त्याच्या घरच्यांनी मला विचारलं होतं आणि मी व्हिसाचं खोदून पाहिलं नव्हतं. ती रुखरुख अजून आहे, म्हणून तुम्हाला इतकं ठासून सांगते.

शिवाय तारखा मोजा. शेंगेनमध्ये कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि उतरलेला व निघालेला दिवस दोन्ही धरतात. जूनचे 30, जुलैचे 31, ऑगस्टचे 31. झाले 92. टुरिस्ट व्हिसा मिळाला असता तरी शेवटचे दोन दिवस ती बेकायदा राहिली असती. कॅम्पवाल्यानं हे मोजलं नाही यावरून तो या बाबतीत किती काळजी घेतो ते समजा.

रस्ता बंद मात्र नाही. पोर्तुगालच्या कायद्यात स्वयंसेवेसाठी वेगळ्या व्हिसाची सोय आहे. त्यासाठी यजमान संस्था पात्र लागते आणि तिच्याशी लेखी करार लागतो. लेकीनं कॅम्पला एकच सरळ ईमेल टाकावा: 'तुमची संस्था स्वयंसेवकासाठी व्हिसाचा करार देऊ शकते का?' 'हो' आलं तर पुढे जायचं. उत्तर गोलगोल आलं तर तो कॅम्प सोडून दुसरा शोधायचा. पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पणजीत आहे. तुम्हाला तर चोर्ला घाट उतरला की पणजी. आपल्या पत्त्याची फाईल नेमकी कुठे द्यायची, कुठली कागदपत्रं लागतील, हे तिथूनच विचारून घ्या. मधे एजंट घालू नका.

आता महिन्याचं बोलते, कारण लेकीच्या नजरेतून हे सुटलंय. तिला मूळची झाडं लावायची आहेत ना? आपल्याकडे जून लागला की रोपं लावतात, म्हणून तिनं तोच महिना धरला असावा. पोर्तुगालमध्ये पावसाळा हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडाठाक असतो. तिकडे झाडं लावायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, पहिल्या पावसानंतर. जून ते ऑगस्ट हा तिथे पर्यटकांचा हंगाम. तेव्हा कॅम्पवर हात लागतात ते चादरी, स्वयंपाक, संडास आणि रोपांना पाणी यासाठी. कामांच्या यादीत झाडांपेक्षा पाहुणे जास्त दिसतात ते त्यामुळेच.

हाच काळ तिकडे वणव्यांचाही. निलगिरी पोर्तुगालमध्ये सर्वांत जास्त पसरलेलं झाड आहे, तेलकट, भराभर पेट घेणारं. 17 जून 2017 ला पेद्रोगाव ग्रांद भागात लागलेल्या आगीत 66 माणसं गेली, त्यातली बरीच गाडीतून पळताना रस्त्यावरच. निलगिरी काढून तिथे ओक लावायची धडपड चालते ती उगाच नाही. तिथल्या बुचाच्या ओकची साल दर 9 वर्षांनी काढतात, झाड जिवंत राहतं, आणि जगातलं निम्म्याच्या आसपास बूच याच एका देशातून येतं. जंगल राखून पोट कसं भरतं हे लेकीनं डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ऑक्टोबरात जाऊन बघावं. आणि कधीही गेली तरी पहिल्या दिवशी विचारायचं, आग लागली तर निघायचे दोन रस्ते कुठले? ज्याला हे पटकन सांगता येत नाही त्याच्या तंबूत झोपायचं नाही.

ऑक्टोबर धरला की आणखी एक गाठ सुटते. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा कधी पुढे सरकेल याचा भरवसा नसतो. मे-जूनचं तिकीट काढून बसलात आणि पेपर जुलैत आले तर? वेळापत्रक लागेपर्यंत तिकिटाला हात लावू नका.

मधले महिने तिनं घरी बसून काढू नयेत. लेकी, हे तुला. पावसाळ्यात आंबोलीला जा, अंगठ्याएवढा आंबोली टोड हा बेडूक बघ, जगात फार थोड्या जागी सापडतो. तुझ्याच तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ एके काळी फक्त इथेच आहे असं मानलं जायचं, पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. आपल्या उशाशी असलेल्या प्राण्याबद्दल दहा वाक्यं बोलता येत नसतील तर पोर्तुगालचा माणूस काय म्हणून तुला घेईल? हेम्माडगाला वनखात्याचा नेचर कॅम्प आहे, गणेशगुडीला पक्षी बघणाऱ्यांसाठी नावाजलेलं ओल्ड मॅगझिन हाऊस आहे, ते कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस या पर्यटन कंपनीचं. दोन्हीकडे रीतसर अर्ज करून विचार, पंधरा दिवस हाताखाली राहू द्याल का म्हणून. एकदा नकार आला तर पुन्हा विचार. बघितलेल्या पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकत राहा. तारीख, वेळ, जागा असलेल्या शंभर याद्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा बोलक्या असतात. बीएनएचएसचे, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, पक्षी आणि वनस्पतींवरचे अभ्यासक्रम आहेत, तेही बघ.

आणि कन्नड नीट लिहायला-वाचायला शिक. तुझी मराठी पक्की आहे, ती पक्कीच राहील. पण कर्नाटकात वनखातं असो की जंगल लॉजेस, कन्नडवाचून अडतं, आणि आपली कितीतरी हुशार सीमाभागातली मुलं याच एका ठिकाणी मागे राहिलेली मी पाहिली आहेत. मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी एवढ्या भाषा बोलणारी निसर्ग-मार्गदर्शक या पट्ट्यात फार मोलाची.

ताई, 'याचं पुढे काय' हा तुमचा न लिहिलेला प्रश्न मला दिसला. तीन महिन्यांच्या कॅम्पवर नोकरी मिळत नाही. पण पुढे वन्यजीव विषयात एमएस्सी करायची तर बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत ती होते. दोन्हीकडे जागा थोड्या, स्पर्धा मोठी, आणि रानात राहून काम केलेल्या मुलांचं बोलणं मुलाखतीत वेगळं ऐकू येतं. अट एकच: परत येताना कॅम्पकडून शोभेचं प्रमाणपत्र न घेता, किती तास, कुठलं काम, काय शिकली हे लिहिलेलं पत्र घ्यायचं. आणि रोज रात्री अर्धं पान वहीत उतरवायचं.

पैशाचं थोडक्यात सांगते. कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून हे करू नका. भट्टीच्या हंगामातून बाजूला पडत असतील तरच. परतीच्या तिकिटाइतके पैसे लेकीच्या नावावर वेगळे ठेवा, कुणाला न विचारता ती निघून येऊ शकली पाहिजे. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, कुठलाही व्हिसा असला तरी त्याहून कमीचा घेऊ नका. पण अंगमेहनतीच्या कामात झालेली दुखापत बऱ्याच प्रवास विम्यांत धरत नाहीत. कुऱ्हाड किंवा करवत हातात येणार असेल तर ते कलम वाचूनच पॉलिसी घ्या. पासपोर्ट कॅम्पवाल्याच्या ताब्यात द्यायचा नाही. आधी राहून गेलेल्या दोन मुलींशी व्हिडिओवर बोलणं झाल्याशिवाय होकार कळवायचा नाही. कोण कुठे झोपतं, दवाखाना किती लांब, हे त्यांनाच विचारायचं. तिकडेही अडीअडचणीचा नंबर 112 च आहे, तो पाठ राहील.

आणि एवढं करूनही व्हिसाचा करार देणारा कॅम्प नाही मिळाला, तर पहिली वारी नेपाळची करा. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. हिमालयातलं एक गाव, महिनाभर, खर्च कितीतरी कमी. आवडलं तर युरोप कुठे पळून जात नाही.

कॅम्पचं उत्तर आलं की त्याची प्रत घेऊन माझ्याकडे या. येताना लेकीच्या वडिलांनाही आणा. त्यांना विचारायचंय की भट्टीवर नवा माणूस ठेवताना पहिल्या दिवशी ते त्याचं काय बघतात. लेकीला कॅम्प निवडताना तेच उपयोगी पडेल.