कोल्हापुरात वाढलेल्या मुलीला ऑपेरा गायिका होता येईल का? त्यात पोट भरतं का?

तुमची मुलगी अकरावीला आहे, नाट्यसंगीत बरं गाते, आता मोबाइलवर ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक, ऐकून 'मला हेच करायचंय' म्हणून हट्ट धरून बसलीय, असं तुम्ही लिहिलंय. मी ऑपेरा गात नाही. राजारामपुरीत गाण्याचे क्लास घेते. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर मी फार बोलू नये हे खरं, पण दुसरा वाचला आणि गप्प बसवेना.

भरतं. कारण तिथे गाणाऱ्याने पैसे मागितले की कुणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. एकट्या जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणारी 80च्या आसपास ऑपेरागृहं आहेत. त्यातली बरीच गायकांना कराराने बांधून घेतात आणि बँकेतल्या कारकुनासारखा दरमहा पगार देतात. नावाजलेले पाहुणे गायक प्रयोगागणिक पैसे घेतात, त्यांचा एजंट त्यातून आपला टक्का कापतो. मुख्य गायिकेचा घसा बसला तर आयत्या वेळी उभी राहायला दुसरी तयार ठेवलेली असते, तिला कव्हर म्हणतात. तिच्यावर गायची वेळ आली नाही तरी तिचे पैसे ठरलेले असतात. न गाता! आमच्याकडे अडीच तास गाऊन काय मिळतं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळाने नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठेवला होता. नाव घेत नाही, गावात राहायचंय. आमचे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्या मंडळात होते. फोन त्यांचाच आला, म्हणून मानधनाचं विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? रात्री पडदा पडल्यावर मी विंगेत तानपुरा गवसणीत घालत होते. शेजारी साउंडवाला स्पीकरच्या खोक्यावर बसून अंगठा थुंकीने ओला करून पाचशेच्या नोटा मोजत होता. मांडववाल्याचा हिशेब आधीच झालेला. तबल्याच्या साथीदाराला पाकीट मिळालं, तो सांगलीहून आलेला, 'बाहेरचा' ना. मला शाल, नारळ आणि फ्रेम. शालीला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच टाचलेली होती. आप्पांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, "अगं, घरचंच कार्य हाय. आनी कला काय विकायची असती व्हय?"

मी म्हटलं, आप्पा, मग साउंडवाल्याला सांगा की आवाज काय विकायचा असतो व्हय. तेव्हापासून दिवाळीला आमचं बोलणं फराळापुरतं.

त्यांचं म्हणणं असं, की कोल्हापूर हे कलापूर, शाहू महाराजांच्या काळात कुणी दर विचारला नाही. हे साफ खोटं आहे. अल्लादिया खाँसाहेब इथे दरबारी गायक होते. दरबारी म्हणजे महाराज त्यांचा चरितार्थ चालवत होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर बिदागीच्या बाबतीत किती काटेकोर होत्या हे जुन्या लोकांना विचारा. त्याने त्यांचं गाणं हलकं झालं का? 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानावर जी तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंचा आवाज आहे. आणि ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आपण सगळे वाढलो ते केशवराव भोसले? पोरवयात 'शारदा' गाजवली, विशीच्या आत स्वतःची कंपनी काढली, तिकीट लावून नाटकं केली. 1921 च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकांनी चढ्या दराने तिकिटं घेतली आणि तो पैसा फंडाला गेला. म्हणजे आधी मोल ठरलं, मग दान झालं, आणि ते दोघांनी आपल्या मर्जीने केलं. मोलच न ठरवता परस्पर दुसऱ्याने केलेल्या दानाला आमच्यात वेगळा शब्द आहे.

बरं, तुमच्या मुलीचं. नाट्यसंगीत येतं म्हणजे ताल, तान, दमसास आहे, ते वाया जात नाही. पण आपण सा आपल्या सोयीने धरतो. बायका पेटीच्या काळी चारच्या पट्टीच्या आसपास, कुणी काळी पाच, घसा खराब असला तर अर्धा सूर खाली. तिथे ही सोय नाही. संगीतकाराने जो सूर लिहून ठेवलाय तोच, त्याच उंचीवर, माइकशिवाय, पुढे साठ-सत्तर वादकांचा ताफा वाजत असताना. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात 3,800च्या आसपास खुर्च्या आहेत, शेवटच्या रांगेला शब्द कळायला हवा. केशवरावांच्या काळी आपल्याकडेही माइक नव्हता, पण साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. म्हणून गळा वेगळ्या पद्धतीने घडवावा लागतो, त्याला वर्षं जातात, आणि जड आवाज तर तिशीनंतरच पिकतात. सोबत इटालियन, जर्मन, फ्रेंच या भाषा गाण्यापुरत्या तरी याव्या लागतात. हे कोल्हापुरात बसून होणार नाही. मुंबईत जन्मलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीतशाळेत शिकायला गेल्या, तिथेच नाव कमावलं, आणि आता भारतातल्या मुलामुलींना शिकवायचा उपक्रमही चालवतात. त्यांची माहिती काढा, क्लासच्या जाहिरातींवर जाऊ नका. कुणी 'सहा महिन्यांत ऑपेरा' म्हणालं तर चप्पल घाला आणि घरी या.

घाबरवत नाही. इटलीचा जगप्रसिद्ध ऑपेरा गायक पावारोट्टी बेकरीवाल्याचा मुलगा. शाळेत शिकवायचा, विमा विकायचा, आणि 1961 मध्ये पंचविशीत पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत उभा राहिला.

आता वर जे 'भरतं' म्हणाले त्याला थोडी कात्री लावते, नाहीतर तुम्ही शेत विकून मोकळे व्हाल. शिकून बाहेर पडलेल्यांत मोठ्या रंगमंचावर थोडेच पोचतात. बाकीचे कोरसमध्ये गातात, शिकवतात, चर्चमध्ये गातात. पाहुण्या गायकाला प्रयोग रद्द झाला तर बहुतेक वेळा काही मिळत नाही. 2020 च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा मेट्रोपोलिटनसारख्या संस्थेने कोरसचे आणि वादकांचे पगार थांबवले होते. तेव्हा परदेशात सगळं सोन्याचं असं मी म्हणत नाही. फरक एवढाच, की पगार थांबल्यावर त्या लोकांनी आरडाओरडा केला आणि 'कला विकता काय' असं कुणी त्यांना ऐकवलं नाही.

तिला आत्ता बारावी करू द्या. पियानो किंवा निदान कीबोर्ड शिकवणारं कुणी गाठा आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला लावा, ती आली नाही तर पुढे एकही दार उघडत नाही. नाट्यसंगीत सोडवू नका. आणि गावात कुणी गायला बोलावलं तर मानधन किती हे आधी विचारायची सवय लावा, फोनवर नको, मेसेजवर, म्हणजे लेखी राहतं. बोलावणारा नात्यातला असला तर आगाऊ रक्कम घ्या.