‘मुक्त’ फोन : वाचकांचे प्रश्न

मुक्त हार्डवेअरच्या, म्हणजे ज्यांचा आराखडा कुणालाही पाहता, बदलता व वापरता येतो अशा फोनांविषयी येणाऱ्या पत्रांत तेच ते गैरसमज वारंवार आढळतात, म्हणून काहींना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : अँड्रॉइड मुक्तस्रोत आहे, म्हणजे माझा फोनही मुक्तच ना?

नाही. त्याखालचे ड्रायव्हर (फोनाचे भाग चालवणारे प्रोग्राम), फर्मवेअर (त्या भागांतच बसवलेले सॉफ्टवेअर) आणि चिप बहुधा बंदिस्तच असतात.

प्रश्न : ‘शंभर टक्के मुक्त’ अशी जाहिरात असलेल्या फोनासाठी आगाऊ पैसे मागत आहेत. भरावेत का?

सर्किटचा आराखडा पाहायला मिळणे वेगळे आणि तो बदलून वापरण्याचा परवाना मिळणे वेगळे. जाहिरातदार हा फरक मुद्दाम पुसतात. परवाना कोणता, हे लेखी मागा. लिब्रेम 5 या मुक्त प्रणालीच्या फोनासाठी 2017 मध्ये लोकवर्गणी गोळा झाली, पहिले फोन 2019 च्या अखेरीस निघाले आणि अनेकांना त्यानंतरही दीर्घकाळ थांबावे लागले. परताव्याच्या अटी जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

प्रश्न : मोडेमचे फर्मवेअर कंपन्या खुले का करत नाहीत?

खरा पेच येथेच आहे. मोडेम, म्हणजे फोनाला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग, हा फोनात बसवलेला, स्वतःचा प्रोसेसर व स्वतःची प्रणाली असलेला दुसरा संगणकच असतो. पेटंटे, गोपनीयतेचे करार आणि ठरावीक फर्मवेअरसह झालेल्या रेडिओ चाचण्या यांमुळे तो कुलूपबंद राहतो. ऑस्मोकॉमबीबी या प्रकल्पाने 2010 च्या सुमारास मोटोरोला सी123 सारख्या जुन्या फोनांसाठी मुक्त फर्मवेअर लिहिले खरे, पण ते 2जी पुरतेच. माझी मुख्य चिंता मात्र मोडेमची पोहोच कुठवर आहे, ही आहे. सॅमसंग गॅलेक्सीच्या काही मॉडेलांत मोडेमशी बोलणारा प्रोग्राम मोडेमच्या आज्ञेवरून फोनातील फायली वाचू-लिहू शकतो, असे रेप्लिकंट या अँड्रॉइडची पूर्ण मुक्त आवृत्ती बनवणाऱ्या प्रकल्पाने 2014 मध्ये जाहीर केले होते. म्हणूनच लिब्रेम 5 आणि पाइनफोन या फोनांत मोडेम यूएसबीने जोडून मुख्य मेमरीपासून दूर ठेवला आहे आणि तो बंद करणारे प्रत्यक्ष स्विच दिले आहेत. (स्विच बंद ठेवून कॉल येत नाहीत, अशी तक्रार कृपया करू नये.) तरीही मोडेम चालू असेपर्यंत तुमचा ठावठिकाणा टॉवरला कळतोच, ज्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे, त्यांनी केवळ फोन बदलून निश्चिंत न होता तज्ज्ञाला भेटावे.

प्रश्न : रिस्क-फाइव्हमुळे लवकरच सगळे मुक्त होईल, असे एका व्हिडिओत ऐकले.

व्हिडिओत काहीही ऐकू येते. रिस्क-फाइव्हमध्ये मुक्त आहे तो आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी. त्यावर बेतलेली चिप पूर्ण बंदिस्त असू शकते आणि मोडेमचा प्रश्न तसाच उरतो.

प्रश्न : आम्ही पुण्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी मुक्त फोन बनवत आहोत. सरकारी मान्यता शेवटी घेतली तर चालेल का?

चालणार नाही. विक्रीसाठी रेडिओसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आणि भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) नोंदणी लागते. आधीच प्रमाणित असलेले मोडेम मॉड्यूल निवडा आणि आयएमईआयशी, म्हणजे फोनाच्या ओळख क्रमांकाशी, खेळू नका. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोर्डाची मांडणी पक्की करण्यापूर्वीच चाचणी प्रयोगशाळेचा सल्ला घ्या, कारण नंतर अँटेना हलवायची वेळ आली तर बोर्ड पुन्हा आखावा लागेल.