प्रेक्षकाला वैद्याच्या जागी उभं कर

प्रिय दिग्दर्शका,

तुझं पत्र आणि सोबतचे नकाशे मिळाले. तीन मजले, १४ खोल्या, दोन जिने आणि शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’, प्रेक्षकाने खोल्याखोल्यांतून फिरत बघायचं. तू लाल पेनने काढलेल्या प्रेक्षकांच्या वाटा मी रात्री उशिरापर्यंत बोटाने गिरवत बसले होते. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘मला प्रेक्षकाला पूर्ण स्वातंत्र्य द्यायचं आहे.’ मला जे काही सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्याबद्दल आहे. पायांना हवं तेवढं स्वातंत्र्य दे. पण तू शोकांतिका करतो आहेस. प्रेक्षक कुठल्याही खोलीत जाऊ शकतो, कुठलंही कपाट उघडू शकतो, मॅकबेथ ज्याचा खून करणार त्या राजा डंकनच्या पलंगाशेजारी उभा राहू शकतो, आणि तरीही त्याला वाचवू शकत नाही. हे त्याच्या अंगाला जाणवलं पाहिजे. ते जमलं नाही तर तो एक छान सजवलेली इमारत बघून घरी जाईल.

पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश पुन्हा काढ. मॅकबेथची बायको, आता राणी झालेली, त्यात झोपेत चालते. सगळे तो लेडी मॅकबेथचा प्रवेश म्हणून वाचतात, तू एकदा वैद्याचा म्हणून वाच. बिचारा दोन रात्री जागला आहे आणि अजून त्याला काही दिसलेलं नाही. शेजारी राणीची दासी. मग राणी येते, हातात मेणबत्ती, डोळे उघडे, पण नजर आत मिटलेली. ही दोघं आडोशाला उभी राहून बघतात. वैद्य तिचं बोलणं टिपून ठेवतो. ती हात चोळते, रक्ताचा वास जाईना म्हणते, आणि आली तशी निघून जाते. जे कळायला नको होतं ते तुला कळलंय, असं वैद्य दासीला म्हणतो, आणि शेवटी स्वतःबद्दल सांगतो की मनात आहे ते बोलायचं धाडस होत नाही.

अंधारात उभी, गप्प, जिला पाहायचं तिला न दिसणारी, आणि पाहिल्यामुळेच गुंतलेली ही दोन माणसं म्हणजे तुझा प्रेक्षक आहे. शेक्सपिअरने त्याला चारशे वर्षांपूर्वीच रंगमंचावर आणून ठेवलं आहे. तुला तो नव्याने शोधायची गरज नाही.

याच्याही मागे जाता येतं. इ. स. पू. ४५८ मध्ये ग्रीक नाटककार एस्किलसचं ‘अगामेम्नॉन’ झालं. राजा महालात जातो, दार बंद होतं, आतून त्याची किंकाळी येते. बाहेर कोरसमधले, म्हणजे नाटकातल्या गायकवृंदातले, म्हातारे आहेत. आत घुसायचं का, माणसं बोलवायची का, आधी खात्री करायची का, यावर ते एकेक करून मत देत बसतात. मतं देऊन होतात आणि दार उघडतं तेव्हा राजाची बायको क्लायटेम्नेस्ट्रा प्रेतांपाशी उभी असते. तुझ्या पहिल्या मजल्याच्या बोळात २० प्रेक्षक उभे असतील आणि बंद दारामागून आवाज येईल, तेव्हा तेही याच म्हाताऱ्यांसारखे एकमेकांकडे बघतील. एखादं दार बंदच ठेव असं मी म्हणते ते यासाठी. नकाशात तू सगळी दारं उघडी दाखवली आहेस.

तुझ्या डोक्यात ‘स्लीप नो मोअर’ आहे हे उघड आहे, आणि त्यात वावगं काही नाही. ‘मॅकबेथ’वरच बेतलेलं ते नाटक पंचड्रंक या ब्रिटिश नाट्यसंस्थेने २००३ मध्ये लंडनला केलं, २००९ मध्ये बॉस्टनजवळ, आणि २०११ पासून न्यूयॉर्कमध्ये ते २०२५च्या जानेवारीपर्यंत चाललं. पांढरे मुखवटे घातलेले प्रेक्षक, बोलायला बंदी, जवळजवळ शब्दच नाहीत, साधारण तासाभराची फेरी रात्रीत तीनदा, म्हणजे तेच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून. लोक त्यातले मुखवटे आणि धूर उचलतात. मला विचारशील तर उचलण्यासारखी गोष्ट ती फेरी आहे. मुखवट्याने प्रेक्षक वैद्यासारखा अदृश्य होतो हे खरं, पण शोकांतिका तयार होते ती दुसऱ्या फेरीत.

म्हणजे कसं, ते बघ. पहिल्या फेरीत डंकन दाराशी येतो, किल्ल्याची हवा किती छान आहे म्हणतो. मॅकबेथचा सोबती बँको त्याला भिंतीवरची पाकोळ्यांची घरटी दाखवतो, जिथे हा पक्षी घर करतो तिथली हवा निर्मळ असते असं सांगतो. प्रेक्षक अर्धवट ऐकतो, त्याला पुढे जायची घाई असते. तासाभराने तोच प्रेक्षक फिरत फिरत पुन्हा दाराशी येतो आणि डंकन जिवंत समोर उभा! तेच हसू, तीच घरटी. आता त्या प्रेक्षकाला वरच्या मजल्यावरची चादर माहीत आहे. एकही शब्द बदलायला नको, दिव्याची जागाही बदलायला नको. नट मात्र इथे मोहात पडतात, दुसऱ्या फेरीत नकळत गंभीर होतात, जणू त्यांनाही कळलंय. त्यावर बारीक लक्ष ठेव. डंकनला तिन्ही वेळा सारखाच आनंद झाला पाहिजे. आणि दाराच्या वर एक घरटं खरंच बांधून घे, मातीचं, कौलाखाली चिकटलेलं. कुणी वर बघेल, कुणी बघणार नाही.

आता वस्तूंबद्दल, कारण यात माझा हात पोळला आहे. साध्या नाट्यगृहात दहाव्या रांगेतून पत्रावरचा मजकूर दिसत नाही, म्हणून प्रॉपर्टीतलं पत्र म्हणजे घडी घातलेला कुठलाही कागद चालतो. इथे प्रेक्षक तो उचलतो आणि वाचतो. आम्ही असंच ‘मॅकबेथ’ केलं तेव्हा मॅकबेथने बायकोला लिहिलेलं पत्र पहिल्या चार ओळी वळणदार अक्षरात लिहून, खाली नुसत्या रेघोट्या ओढून टेबलावर ठेवलं होतं. एक तरुण मुलगा खूप वेळ त्या खोलीत होता. त्याने पत्र उजेडाकडे धरलं, चार ओळी वाचल्या, रेघोट्या पाहिल्या, कागद उलटून पाहिला आणि जिथून उचलला होता तिथे नीट ठेवला. त्यानंतर त्याने त्या घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. मी त्याच्या मागे मागे होते. एका कागदाने त्याचा विश्वास गेला आणि उरलेला दीड तास तो पाहुण्यासारखा वावरला.

म्हणून १४ खोल्या भरण्याचा हट्ट सोड. आठ खोल्या घे, पण त्यांतलं प्रत्येक ड्रॉवर खरं असू दे. आणि एक हिशेबही मांड: एका वेळी सात प्रसंग चालणार असतील, तर प्रेक्षकाच्या हातून प्रत्येक क्षणी सहा निसटणार. काही निसटलंच पाहिजे, पण खून, मेजवानी आणि शेवट या तीन गाठी सुटता कामा नयेत. तिथे आवाजाने, उजेडाने, नटांच्या धावण्याने सगळ्यांना ओढून आण. घड्याळाची काळजी करू नकोस, संपूर्ण इमारतीत एकच संगीतपट्टी चालू ठेव, नट तिच्यावरच आपली वेळ सांभाळतात.

मेजवानीबद्दल एक सुचवते, पटलं तर घे. रात्रभर कुठल्याच नटाला प्रेक्षक दिसत नाहीत असा तुझा नियम आहे. मूळ नाटकात मॅकबेथने मारवलेल्या बँकोचं भूत मेजवानीत मॅकबेथच्या खुर्चीवर बसतं आणि ते फक्त त्यालाच दिसतं. त्या एका क्षणी मॅकबेथला भिंतीशी उभे असलेले सगळे मुखवटे दिसू दे. बाकीच्या नटांना नाही, फक्त त्याला. तो एकेकाकडे बघत मागे सरकतोय आणि बाकीचे जेवताहेत. हे रात्रीत एकदाच, आणि कसलीही सूचना न देता.

शब्द काढू नकोस. तुझा कल हालचालींकडे दिसतो, पण तीन माणसांसमोर कुजबुजत म्हटलेलं स्वगत मोठ्या नाट्यगृहात कधीच ऐकू येत नाही तसं इथे ऐकू येतं. ही संधी कशाला सोडायची?

आता जे सांगायला मला जड जातं ते.

शेक्सपिअरने डंकनचा खून दाखवलेला नाही. मॅकबेथ परत येतो तेव्हा त्याच्या हातात खंजीर असतात, तेवढंच. आम्ही खोलीतला प्रसंग दाखवायचं ठरवलं. एका रात्री एक बाई झोपलेल्या डंकनच्या उशाशी जाऊन बसली. मॅकबेथ आत आला, तसा तिने आपला तळहात डंकनच्या छातीवर ठेवला. बोलली नाही, मुखवटा काढला नाही, नुसता हात ठेवला. आमच्या नटाने तालमीत ठरल्याप्रमाणे प्रवेश पुढे नेला, तिचं मनगट धरून हात बाजूला केला. जोरात नाही. पण ती उठून गेली आणि जिन्यावर बसून रडत राहिली. मी त्या रात्री नटाची पाठ थोपटली, प्रवेश पडू दिला नाही म्हणून.

ती चूक माझी होती, आणि मला ती कळायला फार वेळ लागला. त्याने थांबायला हवं होतं. खंजीर हातात घेऊन, तिच्याकडे बघत, लागेल तितका वेळ. तिने तो हात आज ना उद्या स्वतःच उचलला असता, कारण रात्र संपायची असते आणि नाटक पुढे जायचं असतं, हे तिलाही माहीत होतं. हात तिने उचलायला हवा होता. आम्ही तिच्या हातून ते काढून घेतलं, आणि वर तिच्या अंगालाही हात लावला.

तेव्हा तालमीत नुसता प्रवेश बसवू नकोस, थांबणं बसव. मित्रांना मुखवटे घालून बोलाव, त्यांना अडवायला सांग, खुर्चीवर बसायला सांग, दार धरायला सांग. नट प्रेक्षकाला कधी स्पर्श करणार आणि कधी नाही हे आधी ठरव आणि प्रेक्षकाला आत सोडण्यापूर्वी सांग. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मुखवटा घातला की काही लोकांचे हात सुटतात. न्यूयॉर्कच्या त्याच नाटकातल्या कलाकारांच्या अशा तक्रारी २०१८ मध्ये उघडपणे समोर आल्या. प्रत्येक मजल्यावर काळ्या कपड्यांतला आपला माणूस हवा, नटाने एक ठरलेली खूण करताच तो आत आला पाहिजे, आणि त्या क्षणी नाटक बुडालं तरी चालेल. बाहेर पडायच्या दारांवरचे दिवे वातावरण बिघडवतात म्हणून झाकायचे नाहीत. जिना चढता न येणाऱ्या प्रेक्षकासाठी तळमजल्यावर पूर्ण गोष्ट दिसेल अशी एक वाट आखच, तुझ्या लाल रेघांत ती नाही.

एक शेवटचं. झोपेत चालण्याच्या प्रवेशात दासी वैद्याला सांगते की राणी रात्री उठते, अंगावर झगा घेते, कपाटाचं कुलूप काढते, कागद घेते, त्यावर लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि परत झोपायला जाते. हे आपण कधीच बघत नाही, फक्त ऐकतो. ती काय लिहिते हे नाटकात कुठेही नाही. तुझ्या इमारतीत मात्र ते कपाट असणार, कुलूप असणार, आणि फेरी तीनदा होणार असल्यामुळे रात्रीच्या शेवटी आत तीन कागद असतील. कुणीतरी ते उघडून वाचणार.

नकाशे राहू देत. ते तीन कागद लिहून काढ आणि मला पाठव, पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत.

आशीर्वाद.